उजवी कड

“ही काळी पट्टी म्हणजे मी,” ती म्हणाली आणि हसली.

कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या काकांनी फोटो दिव्याखाली धरला. डावीकडे तिची सावत्र आई, मध्ये आईचे दोन मुलगे आणि उजवी कड डांबर फासल्यासारखी. तिनं आणलेल्या सगळ्याच फोटोंत तेच.

“शटर झिजलंय. उन्हात वेग वाढवला की पडदा पुरता उघडत नाही, एक कड अंधारात राहते. पण तुम्ही दर वेळी त्याच टोकाला कशा?”

“फोटो बाबाच काढायचे, तेच उभं करायचे. म्हणायचे, तू उंच, तू कडेलाच शोभतेस. नशीब बघा माझं. भाऊ अजून मला अमावास्या म्हणतात.”

भाऊ आता फोनवरच भेटतात. लाडक्या लेकांना सवड नाही. अंथरुणाला खिळलेल्या बापाचं हगणंमुतणं हीच काढते, आणि तोंड वाकडं न करता काढते.

“डॉक्टरांनी हात टेकलेत,” ती म्हणाली. “बाबा जायच्या आधी त्यांच्याबरोबर माझा एक तरी फोटो हवाय. याच कॅमेऱ्यातला. यानं मला गाळलं, आता यानंच घ्यायचं.”

काकांनी वरचं झाकण काढलं. आतल्या पत्र्यावर सुईनं कोरलेलं एक टिंब होतं. त्यांच्याच हातचं. कॅमेरा उघडला की टिंब, दुरुस्त झाला की त्यावर फुली, ही त्यांची जुनी सवय. इथं फुली नव्हती.

“हा आधी कधी दुरुस्तीला दिला होता?”

“छे. बिघाड आहे हेच बाबांना कळलं नाही. कळलं असतं तर त्यांनी माझ्यासाठी जिवाचं रान केलं असतं.”

काकांनी झाकण पुन्हा बसवलं.

“परवा या,” ते म्हणाले. “होऊन जाईल.”

ती जिना उतरून गेली. काकांनी झाकण परत काढून ते टिंब पाहिलं. बिघाड कळल्यावरही दुरुस्ती नको म्हणणारं गिऱ्हाईक त्यांना सबंध आयुष्यात एकच भेटलं होतं. गोड बोलणारा, नीटनेटका माणूस. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कॅमेरा परत पिशवीत ठेवला आणि दारातून मागे वळून एवढंच विचारलं, “म्हणजे फोटोत दर वेळी उजवीच कड काळी येणार ना? नक्की?”