धर्मशाळेचा दगड

"गुरुजी, धर्मशाळेला जागा देणारा माणूस अज्ञात होता, असं तुम्ही पुस्तकात लिहिलंय म्हणे," म्हातारी ओसरीवर टेकत म्हणाली. "अज्ञात कसा? आमचे आजेसासरे ते."

गावाचा इतिहास लिहिण्यात निळकंठ गुरुजींची अकरा वर्षं गेली होती. ते चष्मा पुसत राहिले. "त्यांचं नाव काय, आजी?"

"थोरल्यांचं नाव मी कसं घेऊ? माझ्या सासूनंही कधी घेतलं नाही. धर्मशाळेच्या दारावरच्या दगडात कोरलं होतं की."

"धर्मशाळा पाडली तेव्हाच तो दगड गेला," गुरुजी म्हणाले. परसातून धुणं आपटल्याचा आवाज येत होता.

"माझ्यामागं आमच्यात कुणी नाही. सापडला तर तेवढं लिहा," म्हणत म्हातारी काठी टेकत निघून गेली.

गुरुजी परसात गेले. धर्मशाळा पाडताना त्यांच्या वडलांनी तो दगड बैलगाडीतून घरी आणला होता आणि अक्षरांवर कपडे चांगले घासले जातात म्हणून कोरलेली बाजू वर ठेवली होती. वडलांची चोरी छापायला नको, म्हणून गुरुजींनी दगडावरचं नाव न वाचताच 'अज्ञात' लिहून टाकलं होतं.

त्यांनी फेसावर तांब्याभर पाणी ओतलं. कडेची अक्षरं अजून शाबूत होती: 'यांनी वाटसरूंसाठी दिली.' त्याआधीच्या नावावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं. साठ वर्षं त्यांच्याच घरचे कपडे घासून तिथं दगड गुळगुळीत झाला होता.

"सरका हो," बायको म्हणाली, "अजून दोन चादरी राहिल्यात."