टप्‌टप्‌

१९८६ साल. रविवार, दुपारचा एक. सुनेच्या हातची फ्लॉवरची चकती सातव्यांदा फाटली आणि अर्धी फळीलाच चिकटून राहिली.

"अगं, ही चकती आहे की पायपुसणं?" सासूबाई म्हणाल्या.

टेबलाशी सगळे खोळंबले होते. रविवारचं जेवण सासऱ्यांचं. त्यांनी जन्मभर जहाजावर कांदे चिरले, पण घर त्यांना कप्तान म्हणे. लॅटिन अमेरिकेच्या बंदरांवर शिकलेले टाको ते दर रविवारी करत. काळा राजमा, टोमॅटो-मिरचीची कच्ची चटणी, लिंबू पिळलेला अवोकाडो. पातळ रोटीत ज्यानं त्यानं आपलं भरून घ्यायचं.

रोटी गव्हाची. आणि गहू म्हणजे त्यांच्या सहा वर्षांच्या नातीला, बिट्टीला, विष. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा झालेली पोर. मकाही बंद, कारण तो गव्हापाठोपाठ त्याच गिरणीत दळलेला. "एक कणसुद्धा नको," डॉक्टर म्हणाले होते.

म्हणून सून फ्लॉवर किसायची, वाफवायची, फडक्यात घालून मनगटं दुखेपर्यंत पिळायची. त्यात अंडं, किसलेलं चीज. कधी फ्लॉवरऐवजी रताळं, कधी भोपळा. थापलेल्या चकत्या ओव्हनमध्ये भाजायच्या. दहातल्या चार धड निघत. पण त्या चारांवर बिट्टीनं तीन महिन्यांत दोन किलो वजन धरलं होतं. जिने चढताना ती गाणं म्हणू लागली होती.

सासूबाईंना मात्र फाटलेलं काम बघवत नसे. घरची बेकरी होती, दोन गल्ल्या पलीकडे. तिथल्या फळीवर त्यांचे तीस वर्षं हात चालले होते.

"ऊठ तू," त्या म्हणाल्या. "उद्यापासून दुकानाचा गल्ला तू सांभाळ. हे मी बघते. माझ्याही नातीचंच आहे ना?"

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासूबाई पहिल्यांदाच तिच्या मदतीला धावल्या होत्या.

सासूबाईंच्या चकत्या चंद्रासारख्या गोल. पातळ, न फाटणाऱ्या. दहातल्या दहा. कप्तानांनी एकीत राजमा भरला, दुमडली, उलटी धरून हलवली. दाणा सांडला नाही. "याला म्हणतात हात," ते म्हणाले. सूनही मनापासून हसली.

एकदा बिट्टी आईच्या मांडीवर बसून टेबलावर मूठ आपटत होती. टप्‌ टप्‌. टप्‌ टप्‌.

"हे गं काय?"

"आजी असं करते. मग चकती सुटते."

"आजीला जादू येते," आई म्हणाली आणि तिनं पोरीचा पापा घेतला.

दोन महिन्यांत बिट्टीचं पोट पुन्हा फुगलं. मिळवलेले दोन किलो गेले, वर आणखी एक गेला. डॉक्टरांनी तपासणीचा कागद खाली ठेवला. "हिच्या पोटात गव्हाचं पीठ जातंय. घरातूनच कुणाच्या तरी हातून."

त्या संध्याकाळी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं गेलं. सुनेच्या नवऱ्यानं आधी स्वतःच्या आईला विचारलं.

"पोरीची गळ्याशपथ," सासूबाई म्हणाल्या. "पिठाचा कण घातला असेल तर हात झडोत माझे."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

मग नवऱ्यानं बायकोचा दुकानातला एप्रन खुंटीवरून काढला आणि खिसा उलटा केला. पावाची एक कड टेबलावर पडली.

"माझी आहे," ती म्हणाली. "दुपारची. बिट्टीसमोर नको म्हणून दुकानात खाते."

"आणि एप्रन कुठं टांगतेस? पोरीच्या खाटेशी!"

"अहो, ती हात नाही लावत..."

"आई कसली, वैरीण आहेस तू."

आठवड्याच्या आत तिची बॅग दारात आली. पोर आजीपाशी राहील असं ठरलं, कारण आजीच्या हातचं सुरक्षित. जिन्यावरून बिट्टीनं आईला हाक मारली नाही. तिला तेव्हा उभं राहायचं बळ नव्हतं. आजीनं तिच्यासाठी रोज चार चकत्या केल्या. ती बरी होत नाही म्हणून पुढं सहा.

बिट्टी सातवं पूर्ण व्हायच्या आत गेली. कप्तानांनी त्यानंतर कधी राजमा भिजत घातला नाही, आणि तिसऱ्या वर्षी तेही गेले. बेकरी विकली. सून दुसऱ्या गावात एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिली. पोर झोपेत चाचपडत खिशापर्यंत पोचली असेल, असं तिनं स्वतःला पटवून घेतलं होतं. तिच्या कपड्यांना पुन्हा कधी खिसा नव्हता.

मुलानं दुसरं लग्न केलं. या दुसरीला पुढं वजनासाठी गहू नकोसा झाला, तेव्हा सासूबाई पंचाहत्तरीच्या होत्या. "त्यात काय," त्या म्हणाल्या. "फ्लॉवर किस. दाखवते तुला."

पिळलेला गोळा त्यांनी फळीशी आणला. खिळ्यावर टांगलेली मलमलीची पुरचुंडी त्यांच्या हातात आपोआप आली. टप्‌ टप्‌. फळीवर पांढरा धुरळा बसला.

"आई, अहो, हे तर गव्हाचं पीठ!"

सासूबाई हसल्या. "एवढी वर्षं संसार केलास आणि इतकंही कळत नाही? पीठ आपण मळतो. ही नुसती पिठी."