एकतिसावी बरणी

साथीला स्वतःचा वास असतो हे कळल्यापासून तालुक्याच्या दवाखान्याने मसाला कांडणाऱ्या बायकांना चिंध्या हुंगून तपासायला बसवलं होतं. प्रयोगशाळेला दोन दिवस लागत, सुलाबाई चौगुलेंना एक श्वास पुरे. लोकांच्या गळ्याला तासभर बांधलेल्या या चिंध्या बरण्यांतून येत. वर नाव नसे, फक्त नंबर.

एकतिसावी बरणी उघडताच त्या म्हणाल्या, "हाय ह्याला. कुजक्या धण्याचा वास येतोय."

डॉक्टर मुजावरांनी यादी पाहिली आणि पेन खाली ठेवलं. "मावशी, पुन्हा एकदा बघा."

"पुन्हा कशाला? हाय म्हंजे हाय."

"तपासणाऱ्यांच्या चिंध्याही आम्ही रोज यात मिसळतो. ही तुमची आहे."

सुलाबाईंनी बरणीचं झाकण घट्ट लावलं. ताप नव्हता, खोकला नव्हता. सकाळीच त्यांनी पाच दिवसांच्या नातीला न्हाऊ घालून टाळूवर तेल भरलं होतं. त्या उठल्या आणि सगळ्यांपासून लांब, दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या.

"नातीची चिंधी आत्ता मागवा," त्या म्हणाल्या. "पण हुंगायला दुसरी कुणी बसवा. तिच्यापाशी माझं नाक खोटं बोलंल."