एकाच बोर्डाची हजेरी

"शनिवारी ती खोली रिकामी हवी," रणजितराव म्हणाले. "रंगाचे डबे यायचेत."

प्रगतीनं मान हलवली. बारामतीच्या एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात शेतपंपांच्या स्टार्टरचे बोर्ड बनत आणि रणजितराव त्याचे मालक. खोली म्हणजे जिन्याखालची अडगळ. तिच्यात एक टेबल, टेबलावर विजेची लाट पडद्यावर दाखवणारा जुना ऑसिलोस्कोप आणि त्याला जोडलेला एकच बोर्ड.

"रोज एकशे बारा वेळा परीक्षा देतोय म्हणं," रणजितराव हसले. "एवढा अभ्यासू बोर्ड जिल्ह्यात दुसरा नसंल. आता दाखला देऊन घरी धाडा त्याला."

"तात्यांना काय सांगू?"

"खरं सांग. दत्तोबा सत्तावीस वर्षं माझ्याकडं होते. खोटा शेरा एकदाबी मारला न्हाय त्यांनी. त्यांना खरंच पचंल."

ते बोलून मोकळे झाले. पचवायचं दुसऱ्याला असलं की सल्ला सोपा जातो.

दत्तोबा म्हणजे प्रगतीचे वडील. कारखान्यातला प्रत्येक बोर्ड त्यांच्या डोळ्याखालून जायचा. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू लुळी पडली आणि ते कळंबच्या घरी खाटेला लागले. पहिले चार महिने भिंतीकडे तोंड. अर्धी भाकरी, तीही प्रगतीच्या आईनं, लीलाबाईंनी, डोळे वटारल्यावर. मग एके दिवशी त्यांनी स्कोपचं माहितीपुस्तक मागवलं. त्या यंत्राला लांबून, कॉम्प्युटरवरून हुकूम देता येतात, एवढं त्यांना ठाऊक होतं. कधी गरज पडली नव्हती.

डाव्या हाताच्या एका बोटानं त्यांनी अडीच महिने प्रोग्रॅम लिहिला. बारामतीत कारखान्यातल्या कुशाबाई एकेक बोर्ड अडकवायच्या, कळंबमधून दत्तोबांचा लॅपटॉप स्कोपला सांगायचा: लाट पकड, उंची मोज, कळव. लाट सरळ तर पास, वाकडी तर नापास. दर चार मिनिटांनी एक बोर्ड. पहिल्या दिवशी आकडे आले तेव्हा दत्तोबांनी दुसरी भाकरी मागितली. ती भाकरी प्रगतीनं मनात नोंदवून ठेवली.

दिवाळीत कारखान्यात नवं यंत्र आलं. ते अख्खा ट्रे एका दमात तपासायचं आणि चहाला उठायचं नाही. कुशाबाई पॅकिंगला गेल्या. जुना स्कोप भंगारात जाणार, तर प्रगतीनं तो मागून घेतला.

तेव्हापासून रोज सकाळी नऊला ती जिन्याखाली जाऊन स्कोपचं बटण दाबायची आणि वर आपल्या कामाला निघून जायची. तात्यांचा हिशेब असा की खाली कुशाबाई बोर्ड बदलतायत. खाली कुणीच नव्हतं. सगळेच पास झाले तर तात्यांना संशय येणार, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती येऊन बोर्डावरचा एक खुंट पाव तास पिरगाळून ठेवायची. लाट वाकडी व्हायची. चार नापास. तपासनिसाला नापास बोर्डाइतका भरवसा कशाचाच वाटत नाही.

मागच्या महिन्यात एकदा ती खुंट फिरवायला विसरली. त्या दिवशीही चारच नापास निघाले. वायर सैल झाली असेल, असं तिनं धरलं.

संध्याकाळी कळंबला पोचली की पाय धुवायच्या आधी ती विचारायची, "आज किती, तात्या?" डोळे दुखतात म्हणून तात्यांनी लॅपटॉपचं झाकण लावलेलं असायचं. आकडा तोंडपाठ. तो ऐकला की मग ती ताट वाढून घ्यायची. आकडा सांगणारा माणूस भिंतीकडे तोंड करत नाही, एवढाच तिचा आधार होता.

शनिवारी सकाळी तिनं बटण दाबलंच नाही. वायरी काढल्या, स्कोप गोणपाटात गुंडाळला. कुशाबाई दारात उभ्या होत्या.

"आमच्या लेकीनं मला साधा फोनबी केला न्हाय चार महिन्यात," त्या म्हणाल्या. "आन् तू बापासाठी आख्खं खातं चालवलंस. आता गं?"

"आता सांगायचं."

"काय?"

प्रगतीनं गोणपाटाचं एक टोक धरलं. कुशाबाईंनी गोणपाटाचं दुसरं टोक उचललं.

एसटीत तिनं तीन वाक्यं जुळवली. भवानीनगर येईपर्यंत दोन मोडली, जंक्शनला तिसरंही गेलं. तात्या, नवं यंत्र आलंय. तात्या, यंत्र दिवाळीतच आलंय. तात्या, तुम्ही चार महिने जे तपासलंत ते कुणालाच नको होतं. यातलं कुठलंही सांगितलं तरी शेवट तोच. तोंड भिंतीकडे वळणार आणि या वेळी कुठलंही पुस्तक मागवलं जाणार नाही. कळंबच्या थांब्यावर ती सगळ्यांच्या शेवटी उतरली.

दत्तोबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. लॅपटॉपचं झाकण लावलेलं.

आज तिनं विचारलं नाही. उंबऱ्यातच उभी राहिली.

"तात्या, आज जरा बोलायचं होतं."

"आज एकशे चौदा," दत्तोबा म्हणाले. "पाच नापास. त्यातलं दोन दुपारनंतरचं. सोल्डरिंगवाल्या पोरींना सांग, जेवून आल्यावर हात जड पडतो, जरा सबुरीनं घ्या म्हणावं."

तिनं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली.

"काय गं? तुला काय बोलायचं व्हतं?"

"काही नाही, तात्या."

ती आत गेली. लीलाबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी मागं न बघताच ताट पुढं सरकवलं.

"आई, आज तर स्कोप…"

"हळू बोल," लीलाबाई म्हणाल्या. भाकरी तव्यावर टाकून त्यांनी हात झटकले. "त्यांचा ल्यापटॉप संक्रांतीलाच बंद पडलाय. तुला सांगू नगं म्हणाले. आकडा ऐकल्याबिगर पोरगी जेवत न्हाय, म्हणाले."