जमनीचा डोह

"इथंच." घनश्यामनं वल्हं पाण्यातून वर घेतलं. "ह्याच डोहात माझ्या जमनीनं उडी घेतली."

नावेतल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बेलतळ्याला येणारा प्रत्येक पाहुणा हे ऐकायलाच यायचा. दिग्रस, पुसद, यवतमाळहून एसट्या भरून माणसं येत. सकाळी तळ्याला पायी फेरी मारत, घनश्यामच्या हॉटेलात भजी खात आणि मग त्याच्याच नावेतून जमनीचा डोह बघायला निघत. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची पोर आणि गावातल्या पाटलाचा पोरगा, म्हणजे हाच घनश्याम. लग्न होणार नाही म्हणून पोरीनं जीव दिला. घनश्याम हे असं सांगायचा की ऐकणाऱ्याच्या आधी तोच डोळे पुसायला लागायचा.

नावेच्या टोकाला, सगळ्यांच्या मागं, जमनी बसली होती.

ह्याच नावेत ती याआधीही बसली होती, सत्तावन्न साली. तेव्हा नावेत दोघंच होते. "घरी कधी नेतं मले?" एवढंच तिनं विचारलं होतं. दिग्रसच्या कापसाच्या जिनवाल्याच्या पोरीशी त्याची सोयरीक ठरली आहे, हे तिला माहीत नव्हतं. त्यानं तिला दोन्ही हातांनी ढकललं. पण म्हशींच्या शेपट्या धरून नदी ओलांडणारी पोर ती, तिला बुडता आलं नाही. पाण्याखालून ती काठच्या लव्हाळ्यात शिरली आणि तिथून तिनं त्याचं रडणं ऐकलं. तो काठावर ऊर बडवत होता. जमनीनं उडी घेतली म्हणून गाव गोळा करत होता.

बापानं, हिरासिंगानं, तिला ढाणकीकडे मावशीच्या तांड्यावर नेऊन ठेवलं. "तू जित्ती हायेस हे कोणाले समजू देऊ नको," तो म्हणाला होता. "आज त्यानं ढकललं, उद्या तो गळा दाबीन." तिनं ऐकलं. लग्न केलं, संसार केला. आता बापही गेला होता आणि नवराही. तिच्या बोलण्यानं ज्याला काही व्हावं असं मागं कोणी उरलं नव्हतं.

म्हणून ती आली होती. भर नावेत उभं राहायचं आणि ओरडून सांगायचं, ह्यानं ढकललं मले. एसटीत सगळ्या वाटेनं तिनं हेच एक वाक्य घोळवलं होतं.

घनश्यामची नजर नावेवरून फिरत मागं आली आणि तिथंच थांबली. तेव्हा ती आरशांच्या घागऱ्यात असायची, आता अंगावर साधं लुगडं होतं. तरी त्यानं ओळखलं. त्याच्या हातातलं वल्हं सुटून नावेत पडलं.

जमनीनं ते पाहिलं. ओठांवर आलेलं वाक्य तिनं गिळलं.

"तुम्ही इकडच्याच का हो?" शेजारच्या विमलताईंनी विचारलं. त्या यवतमाळहून आल्या होत्या. "तुम्ही पाहिली होती का तिला?"

"हो तं. आमच्याच तांड्यातली होती."

"मग खरंच प्रेमापायी जीव दिला तिनं?"

"ते शेठले माहीत." जमनीनं त्याच्याकडे पाहिलं. "सांगा ना शेठ. पुढं काय झालं?"

घनश्यामनं नाव वळवली.

दुसऱ्या दिवशी ती घाटाच्या पायरीवर उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली. तिसऱ्या दिवशीही. नाव सुटताना ती मान वर करून बघायची, परत येतानाही बघायची. कोणाला काही बोलली नाही. घनश्यामनं डोह दाखवणं सोडून पाहिलं, पण लोक दुसरं काही बघायला आलेच नव्हते. मग त्याची गोष्ट बदलू लागली. आधी जमनीनं उडी घेतली होती. मग तिचा तोल गेला होता. मग कसं झालं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. एकदा बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी तिले..." आणि तो तिथंच थांबला. नावेतली माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

त्याचं जेवण सुटलं. बायको मैनाबाई जमनीच्याच टोपलीतले शिंगाडे पदरात घेऊन विचारायची, "आमच्या मालकाले नजर लागली काय वं बाई? दिवसभर तुह्याकडंच पाहतात." जमनी तिला मूठभर जास्त घालायची.

उन्हाळा लागला. तळं आटलं, पाहुणे आटले. त्या दुपारी घाटावर दुसरं कोणी नव्हतं. घनश्याम हॉटेलातून उतरून आला आणि तिच्या खालच्या पायरीवर बसला. त्याची हनुवटी वाढलेल्या दाढीत बुडाली होती.

"जमने," तो म्हणाला. तिला ढकललं त्या दिवसानंतर तिच्या नावानं हाक मारण्याची ही पहिलीच वेळ. "लोकाईले सांगून टाक. पोलिसाईले सांग. मी नाही म्हणणार नाही. पण असं रोज पाहत नको बसू. मले हे सहन होऊन नाही राह्यलं."

जमनीनं टोपलीवरचं ओलं फडकं सारखं केलं.

"कोण सांगन?" ती म्हणाली. "मेलेली बाई कुठं बोलते, शेठ?"