ढोल थांबला तेव्हा

"आपला प्रणीत दिला आणि हा म्हातारा आणला? गुडघ्याचा पट्टा बघा त्याच्या!" हिराजीकाकांनी ढोल मांडीवर ओढला, पण टिपरू काही उचललं नाही.

निम्मी लीग संपली तरी आमची टीम तळालाच होती. म्हणून मालकांनी आमच्या आळीतला बोलर समोरच्या टीमला देऊन त्यांचा हा जुना फटकेबाज घेतला. आज तो आमच्याकडून पहिल्यांदाच ओपनिंगला उतरला होता आणि बोलिंगला होता प्रणीत.

"काका, वाजवा की. आता हाच तारणार आपल्याला," मी म्हटलं. विश्वास माझाही नव्हता.

पहिल्याच चेंडूवर मधला स्टंप उडाला. काकांचा ढोल घुमला. आम्ही शिट्ट्या मारल्या, "प्रणीत! प्रणीत!" ओरडत नाचलो. मग स्कोअरबोर्डवर आमच्याच टीमपुढे 'एक बाद' लागलं आणि ढोल थांबला.

म्हातारा आमच्या समोरूनच परतत होता. कठड्याशी क्षणभर थांबला.

"थांबलात का काका? वाजवा. मी निघालो त्या दिवशी तिकडेही असाच वाजला होता."