विसाची नोट

सूर्यभानजींनी बिलाच्या फोल्डरमध्ये पैसे ठेवले, त्यावर विसाची एक नोट ठेवली आणि फोल्डर मिटून वर्षालीकडे सरकवलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

वर्षालीने हात पुढे केला, तेवढ्यात समोर बसलेल्या त्यांच्या बायकोने, माणिकबाईंनी, फोल्डरवर दोन बोटं ठेवली.

"थांब वं," त्या म्हणाल्या.

बडनेरा रोडवरच्या त्या फॅमिली रेस्टॉरंटमधली दुपारची गर्दी ओसरली होती. सूर्यभानजींचं वलगावला कृषी केंद्र. मालासाठी अमरावतीला आले की ते इथेच जेवायचे, एकटे. आज भाचीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला माणिकबाई सोबत आल्या होत्या, आणि भूक लागल्यावर त्यांनीच या पाटीकडे बोट दाखवलं होतं. दुसरीकडे जाऊ, असं सूर्यभानजींनी सांगून पाहिलं होतं.

जेवण होईपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. मग मालक कुंदनशेठ टेबलापाशी आले. वहिनींना नमस्कार करून, भाऊंसारखं दिलदार गिऱ्हाईक आपल्याकडे दुसरं नाही, टिप द्यावी तर भाऊंनीच, असं कौतुकाने सांगून गल्ल्यावर परत गेले. नवऱ्याचा हात खिशात जाऊन बाहेर येईपर्यंत माणिकबाईंनी त्यावरची नजर हलवली नाही.

आता त्यांनी फोल्डर उघडलं. नोट एका बोटाने बाजूला सारली.

"हे तुले नेहमी किती देतात?"

वर्षालीच्या डाव्या हातावर उष्ट्या ताटांची चळत होती. वरच्या वाटीतली चमची किणकिणत होती, ती थांबवायला तिने ताटं पोटाशी धरली. सूर्यभानजी बडीशेप चिवडत म्हणाले की उशीर होतोय, कापडाच्या दुकानात अजून पाहुणे थांबलेत.

वीस म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मागच्या खेपेला नोट देताना त्यांनी तिचा हात पटकन सोडला नव्हता. ड्युटी कधी सुटते, घरी कोण कोण असतं, असं विचारलं होतं. आणखी आठ-दहा दिवसांनी ते पुन्हा येणार होते, एकटे. आधीच्या नोटा तिने घेतल्या होत्या, हेही खरं होतं. त्यातून मुलीच्या शिकवणीची फी भरली होती. आता खरं सांगितलं तर ही बाई आपल्यालाच काय काय बोलेल, सगळ्यांदेखत, हे तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. कुंदनशेठ गल्ल्यावरून मान उंचावून इकडेच पाहत होते.

"पाचशे," वर्षाली म्हणाली.

सूर्यभानजींच्या चिमटीतली बडीशेप तशीच राहिली.

"सगळ्यायले?"

"नाई. मलेच."

"काहून?"

"मले नाई माईत, काकू. यायलेच विचारा."

माणिकबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मंगळसूत्र नसलेल्या तिच्या मोकळ्या गळ्याकडे, एप्रनवरच्या रश्श्याच्या डागाकडे, ताटं पोटाशी धरलेल्या हाताकडे. वर्षालीने पापणी खाली केली नाही. काय ऐकावं लागेल ते ऐकायला ती उभी राहिली.

"ताटं ठेव खाली," माणिकबाई म्हणाल्या. "हात भरून आला असंल तुहा."

शेजारच्या रिकाम्या टेबलावर वर्षालीने ताटं ठेवली. मग माणिकबाई नवऱ्याकडे वळल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. त्यांनी आवाज चढवला असता तर सूर्यभानजींनाही चढवता आला असता. ते आधी हसले. कुंदनशेठ उगाच वाढवून सांगतो, असं म्हणाले. मग म्हणाले की एखाद्या वेळी दिले असतील, सुटे नसतात. माणिकबाईंची नजर हलेना, तेव्हा त्यांनी बडीशेप बशीत टाकली, हात झटकला.

"अवं, कामाची चांगली आहे ते," ते म्हणाले. "मांगायच्या आंधी गरम रोटी आणून वाढते. मानूस खुश होऊन देते, त्यात काय एवढं?"

"गरम पोळी त मी लगन झाल्यापासून वाढून राहिली," माणिकबाई म्हणाल्या.

पलीकडच्या टेबलावर लेकराला भात भरवणारी बाई थांबून ऐकू लागली होती.

माणिकबाईंनी विसाची नोट उचलून वर्षालीच्या हातात दिली आणि तिची बोटं नोटेवर मिटली. मग बांगड्या कोपराकडे सारल्या, उजवा हात उताणा केला आणि नवऱ्याच्या पुढ्यात, टेबलाच्या मधोमध ठेवला.

ताटं उचलून वर्षाली स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. तिथून तिने वळून पाहिलं. सूर्यभानजी मान खाली घालून बसले होते. तो हात अजून तसाच होता, उघडा.